कपाटापुढं बांधलेला बस्ता

सन एकोणीसशे बासष्ट. माझं वय एकोणीस. माण तालुक्यातलं आमचं गाव दहिवडीपासून दोन-तीन कोसांवर, आणि त्या सकाळी तात्यांनी मेंढरं सोडलीच नव्हती. तात्या म्हणजे माझा बाप. ऊन वर आलं तरी कळप जाळीत कोंडलेला, भुकेनं ओरडतोय, आणि तात्या वाटेत उभे. मी सांगलीला निघालो होतो. थोरला पोरगा मेंढरामागं चालला नाही तर कळप निम्मा होतो, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पण पाऊस दोन वर्षं तोंड फिरवून बसला होता, कळप आधीच निम्म्यावर आला होता, आणि तेवढ्यावर दोन पुरुष राबण्यात मला शहाणपण दिसत नव्हतं.

माझ्या खांद्याला गाठोडं होतं. त्यात दुसरी बंडी, दुसरं धोतर आणि जत्रेला घेतलेला पटका. तात्यांनी पुढं येऊन ते गाठोडं उतरवून घेतलं, आईच्या हातात दिलं आणि म्हणाले, "मेंढराच्या लोकरीवर घेतल्यालं हाय ह्ये. जायाचं तर अंगावरलं घिऊन जा."

मी तरी कुणाचा पोरगा? मी अंगातली बंडीही काढायला लागलो. म्हटलं, ही पण लोकरीवरचीच, ठेवा. तेव्हा आईनं माझा हात धरला. "उघडा गेलास तर गाव मला हसंल, ह्यास्नी न्हाई," एवढंच बोलली आणि भाकरीचं फडकं माझ्या काखेत दिलं. खांद्यावरचं घोंगडं मात्र तात्यांनी काढून घेतलं नाही. त्यांचं लक्ष गेलं नाही की त्यांनी मुद्दाम जाऊ दिलं नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी मागं न बघता वाटेला लागलो. विट्यात गाडी बदलली आणि दिवस मावळायच्या आत सांगलीत उतरलो.

तुमच्यातले जे गावाकडं राहिले आणि जे माझ्यासारखे भाकरी बांधून बाहेर पडले, त्या दोघांसाठी हे लिहितोय. माझी शाळा दुसरीत सुटली. अक्षर वाकडं आहे, ते तसंच वाचा.

सांगलीत मी हळदीच्या वखारीत हमालीला लागलो. हळद आधी कापडाला धरते आणि मग माणसाला. आठवड्यात बंडी पिवळी, धोतर पिवळं, कानाच्या पाळ्यासुद्धा पिवळ्या. रस्त्यानं जाताना पोरंसोरं विचारायची, नवरदेव कुठं निघाला. अंगावर होतं तेवढंच असल्यानं ते धुवायचं कधी, हा मोठाच प्रश्न. सुट्टीला कृष्णेच्या घाटावर जायचं, घोंगडं गुंडाळून बसायचं आणि कापडं पायरीवर वाळायची वाट बघायची. ऐन चैत्रात घोंगडं पांघरून बसलेला माणूस बघितला की धुणं धुणाऱ्या बायका तोंडाला पदर लावायच्या. मी नदीकडं बघत बसायचो. माणात एवढं पाणी मी कधी एका ठिकाणी बघितलं नव्हतं, तेव्हा बघायला होतं भरपूर.

गावभागात एका जैन म्हातारीच्या घरात मला मागची खोली मिळाली. तिला सगळे आक्का म्हणत. तिच्या मालकाचं पूर्वी कापडाचं दुकान होतं. मालक गेला, दुकान गेलं, पण कापडाची नजर तिच्याकडं राहिली. खोलीत भिंतीतलं कपाट होतं. चार फळ्या, दोन दारं, आतून निळा रंग. आमच्याकडं कापड असायचं दोरीवर, नाहीतर गाठोड्यात. माझं म्हणून उघडलेलं ते पहिलं कपाट, आणि आत ठेवायला काहीच नाही, म्हणून मी त्यात भाकरी, चटणी आणि कंदील ठेवला. मुंग्यांची रांग लागली. आक्का भाड्याला आली तेव्हा तिनं ते बघितलं.

"कपाट कापडाचं असतंय रे, बिरू. भाकरीला शिंकं बांध."

मी म्हटलं, कापड न्हाई. ती म्हणाली, मग घे. मी म्हटलं, पैसं न्हाईत. तर ती दारातच बसली आणि मला शिकवायला लागली. ज्याच्याकडं पैसा आहे तो कधीही घेईल, मोसम कळावा लागतो तो नसणाऱ्याला, असं तिचं म्हणणं. दिवाळीच्या तोंडाला दुकानात शिरू नये, तिथं तुझ्याकडं बघायलाही कुणाला सवड नसते. लग्नसराईत तर रस्त्याच्या पलीकडनं जावं. आषाढ लागला, लगीनकार्य थांबलं, की दुकानदार गादीवर माश्या मारत बसतो. तेव्हा जावं, तो पाणी देतो, चहा सांगतो आणि दोन आणे उतरतोही. छत्री दिवाळीला घ्यावी. गरम कापड संक्रांत झाल्यावर. जत्रेतलं कापड शेवटच्या दिवशी, पालं उतरायला लागल्यावर, कारण परत बैलगाडीत भरायचा दुकानदाराला कंटाळा असतो. आणि शिंप्याकडं भाद्रपदात कापड टाकावं, पितरपाटात त्याची मशीन गप्प असते, मन लावून शिवतो.

यात एक मेख होती. हळदीचा हंगाम म्हणजे शिमगा ते वैशाख. तेव्हा माझ्या हातात पैसा, आणि तेव्हाच लग्नसराईनं कापड महाग. कापड स्वस्त व्हायचं त्या आषाढात वखार थंड आणि माझा हात रिकामा. यावर आक्कानं सांगितलं, हंगामातलं थोडं थोडं माझ्या डब्यात टाकत जा, आषाढाशिवाय मागू नकोस, मागितलंस तरी देणार नाही. मी एकदा श्रावणात सिनेमासाठी मागून बघितलं. दिलं नाही.

पहिल्या आषाढात दोन धोतरं आणि दोन बंड्या घेतल्या. ती घडी मी दुसऱ्या फळीवर ठेवली आणि कितीतरी वेळा दार उघडून बघितलं. मग कपाटाची शिस्त लागत गेली. हळदीत जायची कापडं बाहेर खिळ्याला, ती आत यायची नाहीत म्हणजे नाहीत. मधल्या फळीवर रोजचं. खाली थंडीचं, कडुलिंबाचा पाला घालून. सगळ्यात वरची फळी रिकामी, पुढच्या मोसमात येईल त्याच्यासाठी. रिकामी फळी डोळ्यापुढं असली की माणूस हात राखून खर्च करतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, ते माझं मी शोधलं.

आता मी थोरल्या पोराकडं विश्रामबागेत असतो. तेव्हा विश्रामबाग म्हणजे गावाबाहेरचं माळरान वाटायचं, आता तिथं रस्ता ओलांडायला कुणाचा तरी हात लागतो. सूनबाईचं कपाट भिंतभर आहे, दार सरकतं, आत लाईट लागतो. हँगरला एवढी कापडं की एक ओढलं तर तीन खाली येतात. रोज मोबाईलवर सेल लागतो आणि रोज दारात पाकीट येतं. मी म्हटलं, पोरी, मोसम कुठला चाललाय हे तरी बघ. ती म्हणाली, "आबा, आता मोसम नसतो, ऑफर असते." बरोबर असेल तिचं. माझ्या धोतराच्या घड्या मी माझ्या माझ्या घालतो, त्यात कुणाला हात घालू देत नाही.

तर मुद्द्यावर येतो.

चार वर्षं मी गावाला गेलो नाही. तात्यांनी बोलावलं नाही आणि बोलावल्याशिवाय जायला मी तयार नव्हतो. आईचा निरोप मात्र गाडीनं येणाऱ्या कुणा ना कुणाबरोबर यायचा. पासष्टच्या पावसाळ्यात निरोप आला की धाकटी बहीण हिरा हिचं औंधाच्या बाजूला जमतंय, पुढच्या वैशाखात बार उडवायचा. बस्त्यासाठी तात्या मेंढरं काढायची म्हणतात. ते ऐकून मी उलट निरोप धाडला, बस्ता माझा. तात्यांनी एकही मेंढरू विकायचं नाही.

आक्कानं बस्त्यापुरती आषाढाची अट सोडली, आणि मी घ्यायला लागलो. तेव्हा आषाढच चालू होता. नवरदेवाचं धोतर आणि पटका तेव्हा घेतला. चोळ्यांचे खण पितरपाटात. हिरासाठी हिरवं इरकली लुगडं दिवाळी उलटल्यावर. मानाची लुगडी औंधाला यमाईच्या जत्रेत, शेवटच्या दिवशी, पालं उतरताना. वरची फळी भरली, मग मधली भरली, माझी स्वतःची कापडं परत दोरीवर गेली. शिमग्यापर्यंत कपाटाचं दार लावायला गुडघा लावायला लागायचा.

इथं मी चुकलो असं लोक म्हणाले. मी अजून म्हणत नाही. पण आमच्याकडं बस्ता असा घेत नाहीत. दोन्हीकडची माणसं एका दुकानात एका गादीवर बसतात. दुकानदार घड्या मोडतो, बायका नाकं मुरडतात, पुरुष भाव पाडतात, आणि पसंत पडलेलं सगळं एका कापडात घालून, हळदकुंकू लावून गाठ मारतात. त्याला बस्ता बांधणं म्हणतात. समोर बसून पसंत केलं की मांडवात कुणी रुसायचं नाही, एवढाच त्यातला अर्थ. एकट्यानं सुटं सुटं घेतलेलं ते नुसतं कापड, तो बस्ता नव्हे.

नवरदेवाला बाप नव्हता. चुलता सदूबापू, तोच कारभारी. त्याला कळलं की पोरीच्या भावानं सगळं आधीच घेऊन ठेवलंय, आणि तेही आषाढात, स्वस्तात. त्यानं तात्यांना विचारलं की लग्नाचं कापड आषाढात कुठं मिळतं? कुणाचं तरी लगीन मोडलं, बस्ता परत आला, तोच उचलला असणार. असलं अवकळेचं कापड आमच्या पोराच्या अंगाला लावायचं नाही. नवा बस्ता आमच्यासमोर बांधा, नाहीतर आपला राम राम.

हा निरोप घेऊन आमच्या भावकीतला एक माणूस आला आणि त्याबरोबर तात्यांचे शब्द, चार वर्षांतले पहिले. "त्येला म्हणावं, तुझ्या कपाटापायी पोरीचं लगीन मोडू नगंस."

आक्काच्या डब्यात तेव्हा काही उरलं नव्हतं. नवा बस्ता म्हणजे तात्यांचा कळप बाजारात. आणि नवा नाही तर हिराचं जमलेलं मोडलं. एकदा मोडलेल्या पोरीला आमच्याकडं पुढं कोण विचारणार. हे सगळं मला दिसत होतं. पण कापड चोख होतं आणि ते चोख नाही असं मी कुणाच्या बापासाठी म्हणणार नव्हतो. मी त्या माणसाला म्हणालो, "सदूबापूला सांग, समोर बसूनच बांधायचा ना? मग या सांगलीला. माझ्या कपाटापुढं बसा. दुकान मी लावतो."

रागात बोललो. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण पाडव्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी ते आले. सदूबापू, नवरदेवाची आई, आमची आई आणि सगळ्यांच्या मागं तात्या.

आक्कानं तिच्या मालकाच्या दुकानातली जुनी गादी माळ्यावरनं काढून दिली होती. मी ती कपाटापुढं टाकली, वर पांढरी चादर घातली, तांब्याभर पाणी ठेवलं. आईनं दारातच माझ्या तोंडावरनं हात फिरवला. तात्या उंबऱ्यावर थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, कपाटाकडं बघितलं. मग आत येऊन सदूबापूच्या शेजारी, गिऱ्हाइकाच्या बाजूला बसले आणि मला म्हणाले, "आवं दुकानदार, धोतरं दाखवा."

बापानं मला त्याआधी कधी आवं म्हटलं नव्हतं. पण आता मी दुकानदार होतो. मी कपाट उघडलं, वरच्या फळीवरचं धोतर काढलं आणि गादीवर उलगडलं.

तात्यांनी काठ दोन बोटांत धरला, उजेडात बघितला आणि टाकून दिला. "सूत मोकळं हाय. दुसरं काढा."

"दुसरं न्हाई, पाव्हणं. ह्येच हाय."

"मग कसलं वो तुमचं दुकान?"

नवरदेवाच्या आईला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. मी पटका काढला. तात्या म्हणाले, आखूड आहे, ह्यात नवरदेवाचं डोकं झाकेल, कान उघडे पडतील. खण काढले, तर म्हणाले रंग जाईल. मग हिरवं लुगडं काढलं. ते मी अख्ख्या बाजारात फिरून निवडलेलं. तात्यांनी ते नाकाला लावलं आणि म्हणाले, "पाल्याचा वास मारतोय. कुणाच्या गाठोड्यातलं हाय?"

माझ्या कानशिलात आग झाली. मी बोलणार होतो, आता उठा म्हणणार होतो. तेवढ्यात सदूबापूनं ते लुगडं तात्यांच्या हातातून ओढून घेतलं. "आवं, कडुलिंब हाय त्यो. कसर लागू नये म्हणून घालत्यात. दुकानातल्यागत घडी हाय, बघा तरी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मेंढरांच्या बाजारात तात्या हेच करायचे. दोस्ताचं जनावर विकायचं असलं की तात्या परक्यासारखे पुढं व्हायचे आणि त्याला नावं ठेवायला लागायचे. खोकतंय, लंगडतंय, दात पडल्यात. खरं गिऱ्हाईक आडमुठं असलं की ते चिडायचं आणि उलट जनावराची बाजू घ्यायचं, आणि बाजू घेतली की घेऊनच जायचं. सदूबापूएवढं आडमुठं गिऱ्हाईक तात्यांना जन्मात मिळालं नसेल. मी मान खाली घातली, कारण माझं तोंड बघून सगळं फुटलं असतं.

मग मी पण माल मांडत गेलो, हळू, एकेक. हे कधी घेतलं, कुठं घेतलं, विचारलं नाही तरी सांगत गेलो. आषाढ म्हटल्याबरोबर तात्या गुडघ्यावर हात टेकून उठायलाच लागले. "आखाडातलं कापड? चला सदूबापू. पोरीचं नशीब तसंच."

"बसा वो, व्याही," सदूबापू म्हणाला. "आखाडात काय सूत कुजतंय? गरज आमाला वैशाखात हाय, दुकानाला आखाडात. त्यात त्येनं साधलं तर काय वाईट केलं?"

नवरदेवाची आई पुढं सरकली. तिनं मला सरळ विचारलं, कुणाचं मोडलेलं तर नाही ना? मी यमाईची आण घेतली. आक्का दारात उभी होती, ती म्हणाली की एकेक नग घरी आला तेव्हा घडी मी मोडून बघितलीय, दुकानाची खूण काठावर तशीच आहे. बाईनं काठ उलटून बघितला. मग तिनं हिरवं लुगडं स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि परत खाली ठेवलं नाही.

आईनं हळदकुंकू लावलं. सदूबापूनं गाठ मारली, दोनदा ओढून बघितली आणि म्हणाला, बांधला. त्या एका शब्दानं माझ्या पाठीवरचं पोतं उतरलं. चारी फळ्या रिकाम्या झालेलं ते निळं कपाट उघडंच होतं आणि मला ते कधी नव्हे एवढं आवडलं. मला हसू यायला लागलं, थांबेना, म्हणून मी पाणी आणायच्या निमित्तानं मागच्या अंगणात गेलो. तिथं आक्का आधीच हसत उभी होती.

सदूबापू आणि बाई दुपारच्या गाडीनं बस्ता घेऊन गेले. जाताना सदूबापू तात्यांना समजावून गेला की पोराला उगा बोल लावू नका, नजर चांगली आहे त्याची. तात्यांनी सगळं निमूट ऐकून घेतलं. आई आणि तात्या रात्री माझ्याकडं राहिले. तात्या गादीवर झोपले. त्या दिवसाचा विषय आयुष्यभर आमच्यात निघाला नाही. वैशाखात मी गावाला गेलो, मांडवात कुणी रुसलं नाही, आणि आज हिराच्या नातवांची लग्नं झालीत.

मला इथं लोक विचारतात, तुमचं गाव कुठलं. मी माण सांगतो. गावाकडं गेलो की तिथली पोरं म्हणतात, सांगलीचे आबा आले. दोन्हीकडं मी पाहुणा असं रडगाणं काही जण गातात, मी गात नाही. जिथं आपल्या माणसाला बिनबोलावता येऊन बसता येतं, ते आपलं घर, मग भाडं भरा नाहीतर मालकीचं असू दे. माझी ती मागची खोली त्या दिवसापासून घर झाली. त्याआधी ती नुसती खोली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दोघांना स्टँडवर सोडलं. परत येऊन बघतो तर कपाटाचं दार लोटलेलं. उघडलं. सगळ्यात वरच्या फळीवर तात्यांचं जुनं धोतर, आडवंतिडवं घडी घातलेलं, मेंढरांचा वास येणारं. घडी बाईमाणसाच्या हातची नव्हती. मी ते घेऊन घाटावर गेलो, साबण लावून धुतलं, उन्हात वाळवलं, नीट चौघडी घातली आणि परत त्याच फळीवर ठेवलं. मग खिळ्यावरची पिवळी बंडी अंगात घातली आणि वखारीला गेलो.